नाक्यावरचा प्याऊ आणि माझा अर्ज

लिहिण्याने जग बदलतं असं कुणी व्यासपीठावरून सांगायला लागलं की माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. माझ्या लिहिण्याने एकदा बदललं होतं. अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याकडून येणारा रस्ता जिथे बाजाराच्या रस्त्याला मिळत होता, त्या नाक्यावर एक जुना दगडी प्याऊ होता, धर्मादाय पाणपोई. तो माझ्या दोन फुलस्केप पानांनी आडवा झाला. त्यानंतरच्या आयुष्यात मी चार पुस्तकं लिहिली, पोत्याने लेख लिहिले, ऑफिसातल्या रिटायर होणाऱ्यांची मानपत्रं लिहिली, पण त्यातल्या एका ओळीने कुणाच्या खिडकीचं तावदानसुद्धा हललं नाही. माझं एकमेव परिणामकारक साहित्य म्हणजे तो अर्ज. त्याची प्रत माझ्याकडे नाही. वॉर्ड ऑफिसच्या एखाद्या फडताळात अजून असलीच, तर तिथल्या वाळवीला माझा नमस्कार सांगा.

प्याऊ कुणा कच्छी शेठने आपल्या वारलेल्या मुलीच्या नावाने बांधला होता. खाली काळ्या दगडाचा अष्टकोनी चौथरा, त्यावर पिवळट दगडाचा घुमट, चार बाजूंना चार गोमुखं आणि गोमुखांखाली बैलांना, घोड्यांना पाणी पिता यावं म्हणून कोरलेल्या उथळ कुंड्या. आमच्या वेळी बैल आणि घोडे दोन्ही संपले होते, त्यामुळे कुंड्यांत कुत्री आणि रिक्षावाल्यांचे रुमाल आलटून पालटून भिजायचे. घुमटाच्या कडेला पारव्यांसाठी दगडातच खण केले होते. गुजराती अक्षरांत मुलीचं नाव होतं, आणि त्याच्याखाली एक ओळ, जी बाजारातला वाणी आम्हाला वाचून दाखवायचा: तहानेल्याने जात सांगू नये, पाणी प्यावं. मी लहान असताना चारपैकी एका गोमुखातून करंगळीएवढी धार पडायची. पुढे तीही आटली. मग लोकांनी तिथे जे करायचं ते केलं. पोस्टर चिकटवली, पानाच्या पिचकाऱ्या मारल्या, आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला घुमटाला फिकट निळा ऑइलपेंट फासला. दगडाला ऑइलपेंट लावणाऱ्या माणसाला काय शिक्षा असावी यावर माझ्याकडे काही विचार आहेत, पण ते छापण्यासारखे नाहीत.

आमची खोली त्या नाक्यापासून शंभरेक पावलांवर होती. बैठी चाळ, वर मंगलोरी कौलं, पुढे सामाईक पडवी. बाबा गिरणीत फिटर होते आणि गिरणीत संप चालू होता. संप किती दिवसांचा हे सुरुवातीला लोक मोजायचे, नंतर महिने मोजायला लागले, नंतर तो विषयच काढेनासे झाले. घर चाललं ते आईमुळे. तिने खोलीतच खानावळ काढली होती. बँकेतले दोघे आणि पोस्टातले दोघे असे चार सडे जीव दुपारचे डबे न्यायचे आणि संध्याकाळी पाटावर बसून जेवायचे. पहाटे पाट्यावर वाटणाची घरघर, मग स्टोव्हचा आवाज, मग उकड्या तांदळाच्या भाताचा वास, कुळथाच्या पिठीला मारलेली लसणीची फोडणी, आणि बुधवार असला तर तळलेला बांगडा. या सगळ्या गडबडीत बाबांना उभं राहायला जागा नव्हती. गिरणी चालू असताना ते पाच वाजता उठून, दाढी करून, खाकी हाफपँट आणि बनियन घालून, वर सदरा चढवून निघायचे. संपातही ते पाचलाच उठायचे, दाढी करायचे, हाफपँट घालायचे, आणि मग पडवीत येऊन उभे राहायचे. आई पीठ मळता मळता म्हणायची, जरा बाजूक व्हा. ते बाजूला व्हायचे. दहा मिनिटांनी परत म्हणायची. दिवसभर आमच्या घरात एक मोठा माणूस नुसता बाजूला होत असायचा.

एका सकाळी ते पाना, तेलाची बुधली आणि फडकी घेऊन नाक्यावर गेले आणि प्याऊच्या पाठीमागचं लोखंडी दार उघडायच्या मागे लागले. ते दार उघडतं हेच कुणाला माहीत नव्हतं. तीन दिवस तेल पाजल्यावर ते उघडलं. आत माणूस वाकून उभा राहील एवढी खोली, तिच्यात बिडाची टाकी, पितळी वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, शिशाचे सांधे, आणि अनेक वर्षांच्या पारव्यांचा संसार. त्या दिवशी बाबा जेवायला आले तेव्हा त्यांच्या केसांत पिसं होती. ते आईला सांगत होते की आतलं काम विलायतेचं आहे, एकही वाल खराब नाही, फक्त कुणी हात लावला नाही इतकंच. आई त्यांच्या पुढ्यात भात वाढत म्हणाली, "घरातलो नळ म्हयनोभर ठिबकता, तेका वायसर नाय. आणि गावाच्या नळाक पॉलिश." पण तिने त्यांना त्या दिवशी एकदाही बाजूला व्हायला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत पहिलं गोमुख वाहू लागलं. मग दुसरं, मग तिसरं. बाबांनी काचेच्या तुकड्याने घुमटाचा निळा रंग खरवडून काढला, रोज वीतभर. वर्सोव्याच्या कोळणी माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात यायच्या त्या तिथे थांबायला लागल्या. त्यांच्यातली हिराबाय म्हणून एक जाडजूड बाई होती, तिचा आवाज बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. ती पाटी चौथऱ्यावर उतरवायची, ओंजळीने पोटभर पाणी प्यायची आणि बाबांना हुकूम सोडायची की चौथं गोमुख अजून कोरडं का, पगार कशाचा घेतोस. पगार हा शब्द ऐकून बाबा हसायचे. संपात मी त्यांना हसताना पाहिलं ते तिथेच. लोक त्यांना प्याऊवाले धुरी म्हणायला लागले होते. एकदा मी कॉलेजातून मित्रांबरोबर येत होतो आणि बाबा हाफपँटवर, गुडघ्यापर्यंत कुंडीत उभे राहून शेवाळ घासत होते. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. त्यांनी पाहिलं का, मला माहीत नाही. हे सांगायचं नव्हतं, पण आता पुढचं सांगायचं तर हे लपवून काही मिळणार नाही.

चौथ्या गोमुखाचं दुखणं प्याऊत नव्हतं. रस्त्याखालून येणारा पाइप गंजून आतून इतका बुजला होता की तीन गोमुखांपुरतंच पाणी यायचं, आणि रस्ता खणायचा म्हणजे वॉर्ड ऑफिस. आता वॉर्ड ऑफिस म्हणजे अर्ज, आणि आमच्या चाळीत अर्ज म्हणजे मी. पार्ल्याच्या कॉलेजात मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, मराठी घेऊन. आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता आणि पहिला आलेल्या मुलीचा मी मनातून द्वेष करत होतो. अर्ज लिहिण्याचं आमच्याकडे एक शास्त्र होतं. साधी मागणी साधेपणाने केली तर तो कागद खालच्या खाली दाबला जातो, म्हणून वरच्याला घाबरवायचं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गटार तुंबलं की आम्ही पटकीची साथ लिहायचो. दिवा गेला की आयाबहिणींची अब्रू धोक्यात यायची. मांजर मेलं तर सार्वजनिक आरोग्य. मी तर त्यात उपमा घालायचो. गटाराच्या अर्जात मी यमदूत आणले होते, आणि गटार चौथ्या दिवशी साफ झालं. तेव्हापासून चाळीतली माणसं माझ्याकडे कोरा कागद घेऊन यायची आणि म्हणायची, जरा कडक लिही.

बाबांनी मला जेवणानंतर समोर बसवून मजकूर सांगितला. तीन ओळी होत्या. प्याऊला येणारा पाइप गंजला आहे, तेवढा बदलून द्यावा, बाकीचं आम्ही बघून घेऊ. मी म्हटलं, बाबा, हे वाचून शिपाईसुद्धा उठणार नाही. ते म्हणाले, "जितक्या मोडला हा तितक्याच सांग. फिटर तसोच काम करता." मी मान हलवली आणि रात्री पडवीत बसून दोन फुलस्केप पानं लिहिली. अखेरची घटका मोजत असलेली ही जराजर्जर वास्तू. ठायी ठायी तडे गेलेला तिचा घुमट. निष्पाप पादचाऱ्यांवर आणि शाळेत जाणाऱ्या चिमण्या पाखरांवर ती कोणत्या क्षणी काळ बनून कोसळेल याचा नेम नाही. एकही तडा नव्हता. घुमट असा होता की त्यावर हत्ती चढवला असता तर हत्तीला काही झालं असतं. पण काळ बनून कोसळेल हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने.

पहिली सही बाबांची पाहिजे होती, कारण काम त्यांचं होतं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पाट्या, ठळक मथळे वाचायचे; हाताचं लिहिलेलं वाचायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून गावची पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवत असे. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, तीन ओळींचे दोन ताव कसे झाले. मी म्हटलं, वरखाली मायना असतो. मग ते म्हणाले, वाच. आणि मी दोन पानं समोर धरून, डोळे ओळींवरून फिरवत, त्यांच्याच तीन ओळी त्यांना वाचून दाखवल्या. मधे मधे थांबलोसुद्धा, पान उलटलं, शेवटी आपला विश्वासू म्हणालो. नाटकात काम करायचो ना कॉलेजात. बाबा समाधानाने म्हणाले, बरोबर हा, आणि त्यांनी सही केली. महादेव सखाराम धुरी. प्रत्येक अक्षर वेगळं काढायचे ते, नटबोल्ट मांडल्यासारखं. त्याखाली चाळीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. वाचला कुणीच नाही. दिगूने लिहिलाय म्हणजे कडक असणार.

आठवड्याच्या आत दोन माणसं आली. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात वही. बाबा हरखून गेले. त्यांनी घरातून चहा मागवला, लोखंडी दार उघडून आतले वाल दाखवले, टाकी कशी भरते ते दाखवलं, पाइप कुठून येतो तिथे रस्त्यावर खडूने रेघ मारून दिली. टेपवाल्याने रस्त्याची रुंदी मापली, कोपऱ्यापासून चौथऱ्यापर्यंतचं अंतर मापलं, आणि घुमटावर नाण्याने ठकठक केलं. चहा पिऊन गेले. बाबा घरी येऊन म्हणाले, माणसं चांगली आहेत, पाइपाचं माप घेऊन गेली. मी तिथे होतो. त्यांनी पाइपाकडे बघितलंही नव्हतं, हे मला दिसलं होतं. मी आणखी एक बांगडा मागून घेतला.

नोटीस चिकटवली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी कॉलेजला निघालो होतो. बाबा प्याऊसमोर उभे होते, हातात फडकं, आणि कागदावरच्या टाइप केलेल्या अक्षरांवरून त्यांचं बोट फिरत होतं. ते त्यांच्या नावापाशी येऊन थांबलं होतं. हिराबाय होती, चाळीतले चारपाच जण होते. बाबा मला म्हणाले, "वाच." मी वाचलं. या वेळी होतं तेच वाचलं, कारण सगळे बघत होते. येथील रहिवासी श्री. महादेव सखाराम धुरी व इतर यांच्या तक्रारीवरून पाहणी केली असता, सदर वास्तू जराजर्जर झाल्याचे व तिच्या घुमटास ठायी ठायी तडे गेल्याचे निदर्शनास आले असून, ती पादचाऱ्यांवर कोणत्याही क्षणी कोसळण्याचा संभव असल्याने निष्कासित करण्यात येत आहे. ती माणसं इतकी आळशी होती की त्यांनी खोटंसुद्धा स्वतःचं लिहिलं नव्हतं, माझंच उचललं होतं. फक्त काळ बनून तेवढं गाळलं होतं. बाबांना जराजर्जर कळलं नसेल, पण तडे कळलं. त्यांनी घुमटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी माका वाचून दाखवलंस, ता खय गेला?" ते म्हणाले.

कुणीतरी विचारलं, काय वाचून दाखवलं होतं. बाबांनी ते सांगितलं नाही. ते घरी आले, सदरा घातला, चपला घातल्या, आणि मला म्हणाले, चल.

वॉर्ड ऑफिसातल्या त्या कारकुनाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि आठवला की अजून हात शिवशिवतात. उर्मट असता तर बरं झालं असतं. तो अतिशय गोड माणूस होता. त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं. बाबांनी विचारलं, अर्ज मागे घेता येतो का. तो म्हणाला, धोकादायक हा शब्द एकदा कागदावर आला की तो मागे कसा घेणार, उद्या खरंच पडलं तर मान माझी. मी म्हटलं, पण तडे नाहीतच, मी ते खोटं लिहिलं होतं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग आत्ता बोलताय तेही खोटं नसेल कशावरून?" पुढे त्याने सहज सांगितलं की त्या वळणावर बस अडकते, तो कोपरा मोकळा करायचं कधीपासून चाललं होतं, पण लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न, म्हणून कुणी हात घालत नव्हतं. "बरं झालं तुम्हीच लिहिलंत. आणि काय सुरेख मराठी आहे हो. आमच्या साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला अर्ज." आता माझ्या वयाला खोटं कशाला सांगू. बाप शेजारी स्टुलावर बसलेला, त्याच्या नावाने त्याचाच प्याऊ पाडायचा हुकूम निघालेला, आणि त्या क्षणी, फार नाही, अर्धा सेकंद, मला आतून गुदगुली झाली. साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला. आयुष्यात मला स्वतःचा जो काही राग आला आहे, त्यातला बराचसा त्या अर्ध्या सेकंदाचा आहे.

पाडायला चार माणसं आली, घण आणि पहारी घेऊन. कोणत्याही क्षणी कोसळणारी ती वास्तू पहिल्या दिवशी कोसळली नाही. दुपारपर्यंत फक्त पारव्यांचे दोन खण निघाले. मुकादम कपाळाचा घाम पुसत शिव्या देत होता, "किसने बोला ये गिरनेवाला है, उसको इधर लाओ." तो समोरच उभा होता, कॉलेजची वही छातीशी धरून. घण दगडावर पडला की टण्ण असा खणखणीत आवाज यायचा, देवळातल्या घंटेसारखा. नासक्या दगडाचा असा आवाज येत नाही, हे बाबांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता. रागाने माझे कान तापले. त्या चार मजुरांचा राग, गोड कारकुनाचा राग, चाळीतल्या लोकांचा, ज्यांनी न वाचता सह्या केल्या आणि आता गॅलरीत बसल्यासारखे पडवीत बसून बघत होते. सगळ्यांचा राग करून झाल्यावर मी उरायचो.

पाणी आधीच तोडलं होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या चौघांतला एक जण इकडेतिकडे बघत बाबांपाशी आला आणि त्याने प्यायला पाणी मिळेल का म्हणून विचारलं. प्याऊ पाडणारा माणूस प्याऊवाल्या धुरींकडे पाणी मागत होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मला वाटलं आता बाबा फुटतील, आणि खरं सांगायचं तर फुटावेत असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घराकडे जा. कळशी घेवन ये. तेंका तहान लागली हा." मी कळशी आणली आणि बाबांचा प्याऊ फोडणाऱ्या माणसांना ओंजळीत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी घुमट उतरला. मुलीच्या नावाचा दगड लॉरीत चढवताना निसटून दोन तुकडे झाला, तेव्हा त्याला खरा तडा गेला. संध्याकाळी जिथे चौथरा होता तिथे चिखल होता, आणि बाबांनी तिथेच मला सांगितलं, "उद्यापासून हय पाणी तू देतलंस. कोणी इचारल्यान, प्याऊ खय गेलो, तर सांगायचा. झाला ता सांगायचा."

तो पूर्ण उन्हाळा मी त्या कोपऱ्यावर उभा राहिलो. दोन माठ, एक तिपाई, एक पितळेचा डाव. सकाळी घरून बारा खेपा पाणी, कारण माठ भरून ठेवायचे ते मी, सामाईक नळावर रांग लावून, बायकांच्या मधे उभा राहून. आणि बाबा शेजारी दुकानाच्या पायरीवर बसायचे. पाणी प्यायला थांबलेला प्रत्येक माणूस विचारायचाच. सुरुवातीला मी पुटपुटायचो. मग पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की गोष्ट जरा रंगवून सांगितली तर लोक हसतात, आणि हसले की कमी चिडतात. मग मी टेपवाल्याची नक्कल करू लागलो, साहेब अर्ज वाचताना कसे डोलत असतील ते करून दाखवू लागलो, आणि माझं पात्र थोडं भोळं करू लागलो. आज मी आपल्या फजित्या सांगून लोकांना हसवणारा लेखक म्हणून ओळखला जातो, त्याची शाळा ती. एकदा सांगता सांगता मी म्हटलं, थोडे तडे होतेच म्हणा. पायरीवरून बाबा वर न बघता म्हणाले, "तडे नाय होते." मी परत पहिल्यापासून सांगितलं.

हिराबायने एकदा सगळं ऐकून घेतलं. पाणी प्यायली नाही. डाव माझ्या हातात परत देत म्हणाली, "चांगला सांगतोस. बापाशी पण असाच सांगितलास?" आणि पाटी उचलून गेली. ती मग बाजाराच्या दुसऱ्या बाजूने यायला लागली.

आता त्या जागी कारंजं आहे. फायबरचे मासे, रंग बदलणारे दिवे, भोवती स्टीलचा कठडा, आणि कठड्यावर पाटी की हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, परिसरातले ज्येष्ठ साहित्यिक म्हणून. मी गेलो. भाषणात मी ही गोष्ट सांगितली, आणि मंडपातली माणसं पोट धरधरून हसली. मीही हसलो.

त्या वर्षी जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि माठ आत आले. बाबा परत पाचला उठून, दाढी करून, हाफपँट घालून पडवीत उभे राहू लागले. आई आता त्यांना बाजूला व्हायला सांगत नसे. ती त्यांच्या भोवतीने फिरायची, आणि ते अधिक वाईट होतं. माझ्याशी ते बोलायचे, जेव म्हणायचे, फी भरलीस का विचारायचे. त्यांनी मला कधी मारलं नाही, शिवीही दिली नाही. आई मात्र सगळं बोलून घेत असे. सहा महिने तिने मला दिग्या म्हटलं नाही, साहेब म्हटलं. साहेबांका भात वाढू? साहेबांचो अर्ज असलो तर लोणचा पण वाढतंय.

दिवाळीच्या सुमारास गिरणीतून जाड लिफाफा आला. ज्याची सगळे वाट बघत होते तोच. आत तीन पानी कागद होता, मराठीत, पण त्या मराठीत जिच्यात मी प्रवीण होतो: सदरहू, उपरोक्त, अन्यथा. कामावर परत घेणार का, कोणत्या अटींवर, सही केली तर काय, नाही केली तर काय, सगळं त्यात होतं. बाबांचा पुढचा सगळा जन्म त्या तीन पानांत होता. मी दारात चपला काढत होतो, वर्गातून आलो होतो. मी हात पुढे केला, सवयीने, गावच्या पत्राला करायचो तसा.

बाबांनी लिफाफा माझ्या हाताखालून नेला आणि ते शेजारच्या सावंतकाकूंच्या दारात जाऊन बसले. काकूही चौथीपर्यंतच शिकलेल्या, पण रोज पोथी वाचायच्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद उंबऱ्यावर उजेडात धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो. पहिल्याच ओळीत त्या एका शब्दाला अडल्या. दोनदा प्रयत्न केला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला तो शब्द येत होता. मी तोंड उघडलं.

"सावकाश वाचा वैनी," बाबा कागदावरची नजर न हलवता म्हणाले. "आमका घाय नाय."